सात माशांचे इटालियन जेवण: आधी शेगडी मोजावी, मग मासे

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मुलीचे सासर मूळचे दक्षिण इटलीतील सालेर्नोकडचे असून त्या घरी दर वर्षी २४ डिसेंबरच्या रात्री सात प्रकारच्या माशांचे जेवण होते. यंदा विहीणबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे ते जेवण या भगिनींच्या घरी व्हायचे आहे. जेवायला दहा माणसे, त्यांत त्यांचे यजमान शाकाहारी. हाताशी चार बर्नरची शेगडी आणि एक ओव्हन. मालवणी पद्धतीचे मासे त्यांनी आयुष्यभर केले आहेत, पण हे जेवण त्या लोकांच्या रीतीने आणि वेळेवर कसे पार पाडावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी अकरा वर्षे सालेर्नो आणि अमाल्फीच्या किनाऱ्यावरील स्वयंपाकघरांत काम केले आणि त्यांतल्या नऊ वर्षी २४ डिसेंबरची रात्र शेगडीपुढेच काढली. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो ती अशी की, मासे किती हे ठरवण्याआधी बर्नर किती आहेत आणि शेवटच्या अर्ध्या तासात तुमचे दोन हात किती ठिकाणी लागणार आहेत, हे मोजून घ्या. हे जेवण चवीमुळे क्वचितच फसते. सातही पदार्थ गरमागरम वाढण्याचा हट्ट धरला की पास्ता गिच्च होतो, तळण मऊ पडते आणि घरची बाई रात्रभर स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. सात मासे म्हणजे सात पदार्थ, असे समजण्याचेही कारण नाही. पाच पदार्थांत सात मासे सहज बसतात आणि त्यांपैकी शेवटच्या क्षणी करायचे असे फक्त दोनच ठेवता येतात.

आता या जेवणाचा मूळ स्वभाव समजून घेतला, तर पुढचे निर्णय सोपे जातात. इटलीत या रात्रीला ‘ला विजिलिया’ म्हणतात, आणि विजिलिया म्हणजे शब्दशः आपला जागर. सणाच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य करायचे, ही कॅथलिक पंथाची जुनी रीत; १९१७ च्या चर्चच्या कायदेसंहितेत नाताळची पूर्वसंध्या हा उपवासाचा आणि मांसवर्ज्याचा दिवस म्हणून नोंदवलेला होता. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम सैल केल्यानंतर ते बंधन उरले नाही, पण दक्षिण इटलीतल्या घरांनी माशांचे जेवण सोडले नाही. उपवासाचे पुढे काय होते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण नेपल्समध्येही चालली असती. सात हा आकडा मात्र अमेरिकेतला आहे. १८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन माणसे अमेरिकेत आली, त्यांत दक्षिणेकडचे लोक फार मोठ्या संख्येने होते, आणि त्यांच्या वस्त्यांमध्ये ‘फीस्ट ऑफ द सेव्हन फिशेस’ हे नाव रूढ झाले. कॅथलिक पंथाचे सात संस्कार, सृष्टीच्या निर्मितीचे सात दिवस, रोमच्या सात टेकड्या अशी त्याची निरनिराळी कारणे सांगतात. खुद्द सालेर्नोत कोणी मासे मोजत बसत नाही. कालाब्रियात तर पदार्थ तेरा असावेत अशी रीत आहे. तेव्हा आकड्याचा धाक बाळगू नका. व्याह्यांच्या घरी तो सात आहे, म्हणून आपणही सात धरू, इतकेच.

सर्वांत आधी विहीणबाईंना फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: ‘कोणता पदार्थ नसेल, तर तुम्हाला नाताळ आला असे वाटणार नाही?’ प्रत्येक घराचा असा एकच पदार्थ असतो. कोणाकडे तो व्होंगोले (शिंपल्या) घातलेली स्पगेटी असतो, कोणाकडे तळलेला बाक्काला (खारवलेला कॉड मासा), तर कोणाकडे आजीच्या हातचे भरलेले माकूल. तो पदार्थ त्यांच्याच पद्धतीने करायचा आणि शक्य असेल, तर त्यांना खुर्चीवर बसवून त्यांच्या देखरेखीखाली करायचा. बाकीचे पदार्थ तुमच्या सोयीने ठरवले तरी त्यांची काही तक्रार राहणार नाही. या एका फोनने निम्मे नियोजन होते, असे मी अनुभवाने सांगतो.

त्यांच्याकडून वेगळे काही आले नाही, तर मी पुढीलप्रमाणे बेत सुचवीन. सुरुवातीला बटाटा आणि सेलरी घातलेली ऑक्टोपसची थंड कोशिंबीर. मग व्होंगोले, म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या जातीच्या शिंपल्यांची स्पगेटी. त्यानंतर टोमॅटो, ऑलिव्ह आणि केपर्स (एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्या) यांच्या रसातला बाक्काला, म्हणजे खारवलेला कॉड. शेवटी माकूल, कोळंबी आणि स्मेल्ट यांचे तळण, आणि त्याच्या जोडीला खारवलेल्या अँकोवी, म्हणजे एका जातीचे छोटे मासे, घातलेली फ्लॉवरची आंबट कोशिंबीर, जिला नेपल्सकडे ‘इन्सालाता दि रिन्फोर्त्सो’ म्हणतात. ऑक्टोपस, शिंपल्या, कॉड, माकूल, कोळंबी, स्मेल्ट आणि अँकोवी असे सात मासे झाले. दोन्ही कोशिंबिरी आदल्या दिवशीच्या, बाक्काला ओव्हनमध्ये सांभाळलेला. ऐन वेळी करायची ती फक्त स्पगेटी आणि तळण.

सर्वांत लवकर हात घालावा लागतो तो बाक्कालाला. खरेदी करताना नावाचा घोटाळा होऊ देऊ नका. बाक्काला म्हणजे मिठात मुरवलेला कॉड, आणि स्तोक्काफिस्सो म्हणजे नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर मिठाशिवाय नुसत्या थंड वाऱ्यावर वाळवलेला कॉड. १४३१ साली क्रीटहून निघालेले पिएत्रो क्वेरीनी या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचे जहाज वादळात भरकटले, ते आणि त्यांचे काही सोबती त्याच बेटांना लागले आणि तिथला वाळवलेला मासा त्यांनी मायदेशी नेला. गंमत अशी की, व्हेनिसकडचे लोक आजही त्या वाळवलेल्या माशालाच बाक्काला म्हणतात. तो लाकडासारखा कडक असतो आणि भिजायला आठवडाभर घेतो. तुम्हाला तो नको आहे. तुमच्याजवळ नेवार्कचा आयर्नबाउंड हा पोर्तुगीज वस्तीचा भाग आहे. तिथल्या दुकानांत ‘बाकल्याव’ या नावाने उत्तम खारवलेला कॉड मिळतो, आणि गोव्याशी संबंध असलेल्यांना ते नाव ओळखीचे वाटेल. शेपटीकडचे पातळ तुकडे स्वस्त असतात, पण ते घेऊ नयेत. मधल्या भागाचे, तीन-चार सेंटिमीटर जाड आणि पांढरे तुकडे दीड किलो घ्यावेत. पिवळट झाक असलेला मासा जुना असतो.

त्याचे मीठ काढणे ही घाईने होणारी गोष्ट नाही. तुकडे धुऊन, कातडीची बाजू वर करून, भरपूर थंड पाण्यात बुडवावेत आणि भांडे फ्रिजमध्येच ठेवावे. कातडी वर ठेवण्याचे कारण असे की, मीठ मांसाच्या बाजूने सुटते आणि खाली बसते. कातडी खाली असेल तर ती मध्ये आडवी येते. पाणी दिवसातून तीन वेळा बदलावे. एवढ्या जाड तुकड्यांना पूर्ण ७२ तास लागतात, म्हणून २४ तारखेच्या दुपारी शिजवायचा असेल, तर २१ तारखेच्या दुपारी तो पाण्यात पडायला हवा. शेवटी सर्वांत जाड जागेतून नखाएवढा तुकडा काढून उकळत्या पाण्यात मिनिटभर शिजवून चाखावा. आपण नेहमी मीठ घालतो तितका खारट लागला की पुरे. अगदीच अळणी होईपर्यंत भिजवला, तर त्याची चवच निघून जाते. आपल्याकडचा खारा बांगडा करणाऱ्याला ही गोष्ट हाताने कळते.

शिजवणे त्यामानाने सोपे आहे. तुकडे कोरडे करून पिठात घोळवून ऑलिव्ह तेलात दोन्ही बाजूंनी रंग येईपर्यंत परतावेत. दुसऱ्या भांड्यात लसूण, टोमॅटो, काळी गाएता ऑलिव्ह आणि धुतलेले केपर्स यांचा रस वीस मिनिटे शिजवावा आणि त्याला मीठ शेवटपर्यंत घालू नये, कारण मासा, ऑलिव्ह आणि केपर्स तिन्ही आपापले मीठ घेऊन येतात. पसरट ओव्हनच्या भांड्यात रस आणि त्यावर तुकडे रचून ठेवावेत. हे सारे २४ च्या दुपारी आटोपून थंड जागी ठेवता येते आणि वाढण्याआधी १८० अंश सेल्सियसच्या, म्हणजे ३५० अंश फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये वीस-पंचवीस मिनिटे गेले की झाले. शेगडीवरचा एकही बर्नर त्यासाठी अडत नाही.

आता व्होंगोले. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण व्याही ज्या ताटावरून तुमचा स्वयंपाक जोखतील ते हेच ताट. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या जाड कवचाच्या लिटलनेक शिंपल्याही चालतात, पण मनिला जातीच्या मिळाल्या तर त्या घ्याव्यात. १९८३ साली व्हेनिसच्या खाडीत याच जातीची लागवड सुरू झाली आणि आज इटलीत व्होंगोले म्हणून बहुतांशी तीच खाल्ली जाते. पाच पौंड, म्हणजे सुमारे सव्वादोन किलो पुरेत. दुकानदाराला पोत्यावरची चिठ्ठी दाखवायला सांगा; शिंपल्या कुठे आणि कधी काढल्या ते तिच्यावर असते, आणि तशी चिठ्ठी जपून ठेवणे तिथल्या नियमाने बंधनकारक आहे. घरी आणल्यावर त्या गोड्या पाण्यात किंवा बंद पिशवीत ठेवू नयेत, मरतात; परातीत ठेवून वर ओले फडके टाकून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. करण्याआधी तीन-चार तास लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या थंड पाण्यात, चाळणीत ठेवून बुडवाव्यात, म्हणजे सुटलेली वाळू चाळणीखाली बसते आणि त्या ती परत ओढून घेत नाहीत.

सालेर्नोतील पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे हेच काम होते. एकेक शिंपली दोन बोटांत धरून, तोंडाची फट खाली करून संगमरवरी ओट्यावर टकटक आपटायची. जिवंत शिंपली घट्ट मिटून राहते आणि तिचा आवाज भरीव येतो. मेलेली, चिखलाने भरलेली शिंपली दुसऱ्या-तिसऱ्या टोल्याला उघडते आणि काळा गाळ ओट्यावर सांडतो. तीन किलोंना पाऊण तास लागे. एका शनिवारी गर्दीच्या वेळी मी निम्म्याच आपटल्या. एका शिंपलीतला चमचाभर गाळ आठ ताटांच्या रसात गेला आणि मुख्य आचाऱ्याने ती आठही ताटे माझ्यादेखत कचऱ्यात ओतली. तो एक शब्दही बोलला नाही. शिंपल्यांची दुसरी पिशवी तेवढी माझ्यापुढे ठेवून गेला. तेव्हापासून मी एकही शिंपली आपटल्याशिवाय कढईत टाकलेली नाही, आणि तुम्हीही टाकू नये.

दहा जणांची स्पगेटी ऐन वेळी करताना उपाहारगृहांची एक युक्ती घरी फार उपयोगी पडते. पाहुणे बसण्याच्या तासभर आधी शिंपल्या दोन-तीन घाण्यांत, मोठ्या आचेवर झाकण ठेवून उघडून घ्याव्यात. मनिलाला तीन-चार मिनिटे पुरतात, लिटलनेकला आठ-दहा लागू शकतात. ज्या उघडतील त्या लगेच काढाव्यात आणि शेवटपर्यंत मिटून राहतील त्या टाकून द्याव्यात. दोनतृतीयांश शिंपल्यांचा गर कवचातून सोडवावा, उरलेल्या शोभेसाठी तशाच ठेवाव्यात. सुटलेले पाणी पातळ फडक्यातून गाळून घ्यावे, कारण सगळी चव त्यातच असते.

वाढण्याच्या वेळी एका बर्नरवर पाण्याचे मोठे पातेले, दोन बर्नरवर दोन पसरट कढया आणि चौथ्यावर तुमच्या यजमानांचे छोटे पातेले. चारही बर्नर संपले. म्हणूनच या वेळी बाक्काला ओव्हनमध्ये आणि ऑक्टोपस टेबलावर असावा लागतो. नऊ जणांना ७०० ग्रॅम स्पगेटी भरपूर होते, कारण पुढे अजून दोन फेऱ्या आहेत. पाण्यात मीठ नेहमीपेक्षा कमी, लिटरला सहा-सात ग्रॅम, पुरे. कढयांमध्ये ऑलिव्ह तेलात ठेचलेली लसूण मंद आचेवर, लाल न करता, सोनेरी होऊ द्यावी, हवा असेल तर मिरचीचा एक तुकडा, मग शिंपल्यांचे गाळलेले पाणी. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या तीन मिनिटे आधी स्पगेटी उचलून दोन्ही कढयांत वाटावी आणि तिच्या उकळीचे थोडे थोडे पाणी घालत, कढई सतत हलवत, तिथेच शिजवून पुरी करावी. पास्त्याचा स्टार्च आणि तेल यांचा मेळ बसला की रस पांढुरका, पातळ कढीसारखा, स्पगेटीला लपेटून राहणारा होतो. कढईच्या तळाशी तेल वेगळे दिसत असेल, तर अजून पळीभर पाणी घालून हलवावे. गर, कवचासकटच्या शिंपल्या आणि चिरलेली पार्स्ली अगदी शेवटी, आच बंद करून. चीज किसून घालू नये. माशांच्या पास्त्यावर चीज घातलेले पाहून विहीणबाई काही बोलणार नाहीत, पण पाहतील.

एक बाटली मात्र हाताशी ठेवा. सालेर्नोजवळच्या चेतारा गावात अँकोवी मासे लाकडी पिंपात मिठाखाली महिनोन्महिने मुरवून त्यांचा झिरपलेला, तांबूस, अत्यंत खारट अर्क काढतात; त्याला ‘कोलातुरा दि आलीची’ म्हणतात, आणि २०२० साली त्याला युरोपीय संघाचे संरक्षित नाव मिळाले. त्या गावात २४ डिसेंबरची स्पगेटी याच अर्काची असते. माणशी एक चमचा कोलातुरा, कच्चे ऑलिव्ह तेल, लसूण आणि पार्स्ली एका वाडग्यात कालवून ठेवायचे, स्पगेटी बिनमिठाच्या पाण्यात उकडायची आणि सरळ त्यात मिसळायची. हा रस शिजवायचा नसतो. शिंपल्या खराब निघाल्या, तर दहा मिनिटांत अब्रू वाचते, आणि सालेर्नोच्या माणसांपुढे तर ती वाढते.

ऑक्टोपसविषयी लोकांना उगीच भीती वाटते. गोठवलेला घ्यावा, गोठल्याने त्याचे तंतू सैल होतात आणि आपटण्याची गरज उरत नाही. तो शिजल्यावर जवळजवळ निम्मा होतो, म्हणून दोन किलो हवा. २२ ला सकाळी तो फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात काढावा, २३ ला शिजवावा. उकळत्या पाण्यात त्याचे पाय तीनदा बुडवून वर काढले की ते सुरेख वळतात; मग पूर्ण आत सोडून, मीठ न घालता, अगदी मंद उकळीवर ४५ ते ६० मिनिटे. पाय डोक्याला जिथे जुळतात तिथे सुई सहज गेली की आच बंद करावी आणि तो त्याच पाण्यात थंड होऊ द्यावा. ऑक्टोपस स्वतःच्याच पाण्यात शिजतो, अशी नेपल्सकडे म्हण आहे, आणि ती हट्टी माणसांबद्दल बोलताना वापरतात. दुसऱ्या दिवशी तुकडे करून उकडलेले बटाटे, सेलरी, लिंबू, ऑलिव्ह तेल आणि पार्स्ली घालून दोन तास आधी कालवावा आणि फ्रिजमधून अर्धा तास अगोदर बाहेर काढावा.

रिन्फोर्त्सोची कोशिंबीरही २३ चीच. फ्लॉवरचे तुरे किंचित कचवट राहतील इतपत उकडून, हिरवी व काळी ऑलिव्ह, केपर्स, ‘पापाच्चेल्ले’ नावाच्या व्हिनेगरमधल्या बुटक्या गोल मिरच्या आणि खारवलेल्या अँकोवी, वर तेल आणि व्हिनेगर. पापाच्चेल्ले न मिळाल्यास व्हिनेगरमधली कोणतीही गोडसर लाल मिरची चालते. अँकोवी घालण्यापूर्वी एक वाडगा यजमानांसाठी बाजूला काढून ठेवावा.

शाकाहारी माणसासाठी या रात्री वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही, हे ऐकून तुम्हाला बरे वाटेल. नेपल्सच्या बाजूला २४ च्या दुपारी, रात्री पोट मोकळे राहावे म्हणून, ‘पिझ्झा दि स्कारोला’ खातात. कणकेच्या दोन पोळ्यांमध्ये परतलेली एस्कारोल भाजी, ऑलिव्ह, केपर्स, मनुका आणि चिलगोजे भरून भाजलेला हा जाड खाजा अँकोवीशिवाय केला, तर रात्री यजमानांचे मुख्य पान तोच होतो. त्यांच्या छोट्या पातेल्यातली स्पगेटी लसूण, तेल आणि अक्रोडाची करावी. तळताना आधी त्यांच्यासाठी फ्लॉवरचे तुरे आणि आंबवलेल्या पिठाची छोटी भजी स्वच्छ तेलात काढावीत आणि नंतरच त्या कढईत मासे सोडावेत. कोलातुरा आणि अँकोवी डोळ्यांना दिसत नाहीत, तेव्हा चव पाहायचे चमचेही वेगळे ठेवणे उत्तम.

तळणात मालवणी हाताला आवरावे लागते. हळद, तिखट, आले-लसूण, रवा, तांदळाचे पीठ, काहीही नको. माकूल ८०० ग्रॅम, त्यांची पारदर्शक काडी आणि कातडी काढून बोटभर रुंद कड्या कराव्यात. कोळंबी ६०० ग्रॅम, पाकिटावर २१/२५ लिहिलेली, म्हणजे पौंडात तितकी बसणारी. आणि स्मेल्ट अर्धा किलो. स्मेल्ट हा बोटभर लांबीचा रुपेरी मासा आपण मांदेली तळतो तसा तळायचा असतो. सगळे कागदावर पूर्ण कोरडे करावे. आपल्या रव्याहून कितीतरी बारीक, पिठासारख्या दळलेल्या सेमोलिनात घोळवून चाळणीत झटकावे, आणि हे तेलात सोडण्याच्या मिनिटभर आधीच करावे. पीठ लावून ठेवलेला मासा पाणी सोडतो आणि वरचा थर चिकट होतो. शेंगदाण्याचे तेल १८० अंशांवर, एका वेळी दोन मुठीच. माकुलाला दीड-दोन मिनिटे पुरतात, त्यापुढे ते रबर होते. मीठ तळून झाल्यावरच. पहिला घाणा झाऱ्यातून उतरला की लगेच टेबलावर जाऊ द्या आणि पुढचे घाणे मागून पाठवा. सगळे तळून एकदम वाढू म्हणून थांबाल, तर पहिल्या घाण्याचा मऊ चिवडा होईल.

कापितोने, म्हणजे मोठी मादी ईल, आपल्या वामेसारखी दिसणारी, ही नेपल्सच्या विजिलियाची खरी राणी. २३ च्या रात्री पोर्ता नोलानाचा मासळीबाजार पहाटेपर्यंत उघडा असतो आणि निळ्या टबांत त्या जिवंत वळवळत असतात; सैतान सापाच्या रूपात आला, म्हणून त्या रात्री साप कापून खायचा, असे म्हातारी माणसे सांगतात. तरीही माझा सल्ला आहे की, ती करू नये. युरोपीय ईल अतिसंकटग्रस्त प्रजातींत गणली जाते, तिच्या कच्च्या रक्तात विष असते जे शिजल्यावरच जाते, आणि न्हाणीघरात सुटलेली ईल पकडण्याची गंमत पहिल्याच वर्षी घेण्याची गरज नाही.

मासळीची मागणी दुकानात दहा दिवस आधी नोंदवावी. २३ आणि २४ ला रांगा दाराबाहेर जातात. रात्री आठला ऑक्टोपस आणि पाव, साडेआठच्या सुमारास स्पगेटी. स्पगेटी वाढल्यावर पाऊण तास दुसरे काहीही वाढू नये. त्या वेळात ओव्हन लावावा, मोठे पातेले उतरवून तळणाची कढई मांडावी आणि तुम्हीही बसावे. सव्वानऊला बाक्काला, पावणेदहाला तळण आणि रिन्फोर्त्सो. तळणाच्या तुपकट तोंडावर त्या कोशिंबिरीचे व्हिनेगर हवेच, म्हणून ही जोडी मोडू नका. सोबत कांपानियाची, म्हणजे नेपल्स-सालेर्नोच्याच प्रांतातली, पांढरी वाइन, फालांगिना किंवा ग्रेको दि तुफो. गोडाला स्त्रुफ्फोली, म्हणजे मधात घोळवलेले वाटाण्याएवढे तळलेले पिठाचे गोळे. ते २२ ला करून ठेवले तर चांगलेच मुरतात. संत्री, अक्रोड आणि सुके अंजीर टेबलावर पडू द्यावेत, मध्यरात्रीच्या प्रार्थनेला जाणारे लोक ते खात गप्पा मारतात.

उरलेले तळण दुसऱ्या दिवशी गरम करू नका, ते टाकावेच लागते. बाक्कालाचा रस २५ ला अधिक चांगला लागतो. रिन्फोर्त्सोचा वाडगा मात्र रिकामा होऊ देऊ नये. रोज जितके संपेल तितके ऑलिव्ह, फ्लॉवर आणि मिरच्या घालून तो पुन्हा भरायचा, नववर्षापर्यंत चालवायचा. नावातले ‘रिन्फोर्त्सो’, म्हणजे बळकटी देणे, ते याच भर घालण्यावरून आले असे सालेर्नोत मला सांगत.